तुम्ही विचारलंत म्हणून: या वयात लग्न कशाला?

काकांच्या लग्नाचा फोटो मी स्टेटसला ठेवला, त्या दिवसापासून जो भेटतो तो हेच विचारतो. भाजी घेताना, बँकेत, एकदा तर तेराव्याच्या पंगतीत. "अहो, सदुसष्टाव्या वर्षी लग्न कशाला? सोबतच हवी होती तर नुसतं राहायचं." विचारणाऱ्यांतल्या निम्म्यांना पेढे हवे असतात, निम्म्यांना आतली गोष्ट. पेढे संपले. आतली गोष्ट सांगते.

काका आमचे रक्ताचे कुणी नाहीत. सांगलीच्या गावभागात ते पोस्टमन होते आणि आमचा वाडा त्यांच्या बीटमध्ये. दुपारी ओट्याला सायकल टेकवून पाणी प्यायचे. पाण्याचं ताक झालं, ताकाचं जेवण झालं, आणि बाबा गेले तेव्हा खांदा द्यायला सगळ्यांत पुढे तेच. आई त्यांना भाऊजी म्हणते. बहिणींची लग्नं उरकता उरकता त्यांचं स्वतःचं राहून गेलं.

बाईही त्याच बीटमधल्या. शाळेत शिकवायच्या, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. काकांशी ओळख एवढीच, की रजिस्टर आलं की सही. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, गावभाग पाण्यात गेला आणि विश्रामबागेत आमच्या दोन खोल्यांत नऊ माणसं राहायला आली. त्यांत हे दोघं. वीज नाही, फोन बंद. संध्याकाळी मेणबत्तीपाशी बसून काका पाण्याखाली गेलेले पत्ते एकेक आठवायचे आणि बाई त्या पत्त्यांवरची मुलं ओळखायच्या. "मारुतीमागच्या बोळातलं तिसरं दार?" "तो माझ्या सातवी ब मधला. अक्षर भयंकर." माझ्या मते जमलं ते तिथेच. आई म्हणते, त्याच्या कितीतरी आधी; बाईंना रजिस्टरं जरा जास्तच यायची.

आता तुमचा प्रश्न. दोन वर्षांपूर्वी काकांचं पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. संमतीपत्रावर एक रकाना होता: रुग्णाशी नातं. मी लिहिलं, 'कौटुंबिक स्नेही'. काउंटरवरच्या मुलाने त्यावर आडवी रेघ मारली. "मॅडम, नातं लिहा." शेजारी बाई डबा धरून उभ्या. त्या माणसाच्या गोळ्यांच्या वेळा त्यांना पाठ, पण त्या रकान्यात लिहायला त्यांच्याकडे शब्द नव्हता. मी 'पुतणी' असं ठोकून दिलं आणि मोकळी झाले.

गुंगी उतरल्यावर काकांनी पहिलं विचारलं, "सही कुणी केली?"

"मी."

"काय म्हणून?"

"पुतणी म्हणून."

बराच वेळ ते छताकडे बघत पडून होते. ज्याचं टपाल त्याच्याच हातात, ज्याची सही त्याचीच, हे ज्या माणसाने नोकरीभर पाळलं, त्याच्याच कागदावर मी खोटी पोच दिली होती. घरी आल्यावर आठवड्याभरात त्यांनी बाईंना विचारलं. बाईंनी विचार करायला चार महिने घेतले. बरोबरच आहे.

'पेन्शनसाठी केलं' असंही कानावर आलंय. निवृत्तीनंतर लग्न केलेल्या जोडीदारालाही कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, ते सर्वोच्च न्यायालयाच्या १९८९ च्या निकालापासून, हे खरं. पण बाईंना स्वतःचं पेन्शन आहे, आणि ते काकांपेक्षा जास्त आहे. नुसतं एकत्र राहणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. पुण्यात माधव दामल्यांनी ज्येष्ठांसाठी लिव्ह-इनचं मंडळच काढलं. फक्त त्या रकान्याला ते पुरत नाही.

काकांना मुंडावळ्या नको होत्या, म्हणून १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न ठरलं. नोटीस द्यायची, ती फलकावर लागते, मग ३० दिवस थांबायचं. जन्मभर लोकांच्या नोटिसा वाटलेल्या माणसाची नोटीस लागलीय म्हटल्यावर जुने पोस्टमन ती बघायला मुद्दाम जाऊन आले. मधल्या दिवसांत आईने केळवण केलं. पुरणपोळी, कटाची आमटी. दोघांनाही शुगर, म्हणून एक पोळी निम्मी निम्मी. औक्षण करताना तिचा हात थरथरत होता, वयाने असेल.

साक्षीदार तीन लागतात. ते नात्यातले असावेत, अशी अट नाही. आई, मी आणि काकांचा एक पोस्टातला मित्र. तिघांतल्या एकालाही काही खोटं लिहावं लागलं नाही.

मग विवाह अधिकाऱ्यांसमोर म्हणायचं असतं, की मी अमुक, तुम्हाला माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो. काका ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "मी बाईंना..."

"बाई नको," साहेब म्हणाले. "नाव घ्या."

आम्ही तिघंही फसकन हसलो. साहेबांना आधी कळेना, मग तेही हसले. काकांनी नाव घेतलं, पण इतक्या हळू, की साहेबांनी परत म्हणायला लावलं.

जेवताना आईने पिच्छा पुरवला: तिथे कायद्याने घेतलंत, आता इथे उखाण्यात घ्या. काकांनी हातातला घास खाली ठेवला.

"गावभर वाटली पत्रं, माझंच राहिलं पडून,
बाईंनी घेतलं शेवटी, पोचपावती सही करून."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आई तेवढी हटून बसली. "भाऊजी, यात नाव कुठंय?"