चंदीगड: ओस चौक आणि शिपायांची घरं

चंदीगडला लोक ल कॉर्बुझिए या वास्तुकाराच्या इमारती पाहायला जातात. मीही त्याच्यासाठीच गेले होते. परतले ती मात्र जेन ड्र्यू आणि पिएर जानरे या त्याच्या सहकारी वास्तुकारांची चाहती होऊन.

शहराची जन्मकथा थोडक्यात सांगते. फाळणीत लाहोर गेलं आणि भारताकडच्या पंजाबला राजधानी उरली नाही. नवी राजधानी जुन्या परंपरांत न अडकता स्वतंत्र देशाचा भविष्यावरचा विश्वास दाखवणारी असावी, अशी नेहरूंची इच्छा होती. पहिला आराखडा अमेरिकेचे अल्बर्ट मेयर आणि त्यांचे पोलिश सहकारी मॅथ्यू नोविकी यांचा. त्यातले रस्ते वळणावळणाचे होते. १९५० मध्ये नोविकी विमान अपघातात गेले आणि काम कॉर्बुझिएकडे आलं. सोबत त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे आणि लंडनचं जोडपं, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्र्यू. १९५१ मध्ये कॉर्बुझिएने मेयरची वळणं सरळ केली, पण स्वयंपूर्ण वस्त्यांची मूळ कल्पना ठेवली. मेयरचं नाव आज किती जणांना आठवतं, हा प्रश्न मला तिथे फिरताना वरचेवर पडत होता.

सकाळी आधी सेक्टर १ मधलं कॅपिटॉल कॉम्प्लेक्स, म्हणजे विधानसभा, उच्च न्यायालय आणि सचिवालय यांचं संकुल गाठलं. ओळखपत्र दाखवायचं, नाव नोंदवायचं आणि गाईडच्या मागोमाग फिरायचं. एकट्याने हिंडायची मुभा नाही. एका बाजूला विधानसभा, समोर उच्च न्यायालय, आणि मध्ये साडेचारशे मीटरच्या आसपास नुसतं काँक्रीट. फोटोत हा चौक भव्य दिसतो. भर उन्हात तो ओलांडताना मात्र आमच्या गटातल्या गप्पा हळूहळू बंद पडल्या.

विधानसभेच्या छतातून औष्णिक वीज केंद्राच्या शीतक मनोऱ्यासारखा एक मोठा गोलाकार मनोरा वर येतो. त्याच्या पोटात सभागृह आहे. १९६६ मध्ये हरियाणा वेगळा झाल्यापासून दोन्ही राज्यांच्या विधानसभा या एकाच इमारतीत भरतात. आराखड्यात राज्यपालांचा महालही होता, तो कधी झालाच नाही. ओपन हँड, म्हणजे कॉर्बुझिएने आखलेलं उघड्या पंजाचं शिल्प, २६ मीटर उंच आहे आणि वाऱ्याबरोबर फिरतं. ते उभं राहिलं १९८५ मध्ये, कॉर्बुझिए गेल्यावर वीस वर्षांनी. त्याच्या पायथ्याशी जमिनीत खोल उतरलेली एक जागा आहे. लोकांनी तिथे जमून चर्चा करावी अशी कल्पना. आम्ही गेलो तेव्हा तिथे आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं.

हा चौक असा ओस का, यावर उत्तर म्हणून सुरक्षेचं कारण दिलं जातं, आणि ते खोटंही नाही. १९९५ मध्ये याच संकुलातल्या सचिवालयाबाहेर पंजाबचे मुख्यमंत्री बेअंत सिंग यांची बॉम्बस्फोटात हत्या झाली. पण पहारा उद्या उठवला तरी इथे कोण येईल? सावलीला झाड नाही, टेकायला बाक नाही, वस्ती दूर. लोकशाहीचा चौक कागदावर फार विचारपूर्वक आखलेला आहे, फक्त तो विचार करताना पायी येणारा माणूस कुणाच्या डोळ्यांसमोर होता असं वाटत नाही.

तिथलीच एक गोष्ट मला मनापासून आवडली, टॉवर ऑफ शॅडोज. ही इमारत कशासाठीच वापरली जात नाही. ऊन अडवणाऱ्या काँक्रीटच्या पट्ट्या कुठल्या दिशेला कशा लावायच्या हे दाखवण्यासाठीच ती बांधलेली आहे. बाकीच्या इमारतींशी फटकून, ती बरोबर दिशा साधून उभी आहे. उत्तरेकडून ऊन फारसं येत नाही, म्हणून ती बाजू उघडी. एखादा माणूस आपला सिद्धांत सिद्ध करायला चक्क मनोरा आखतो, याचं मला कौतुक वाटलं. अर्थात सिद्धांतातही एक मेख आहे. त्या पट्ट्या ऊन अडवतात, पण काँक्रीट स्वतः दिवसभर तापतं आणि संध्याकाळी तीच धग सोडत बसतं. २५४ मीटर लांबीच्या सचिवालयात काम करणाऱ्यांना हे मी सांगायला नको.

शेजारच्या रॉक गार्डनबद्दल प्रत्येक प्रवासवर्णनात लिहिलेलं असतं, म्हणून मी एवढंच सांगते. शहरासाठी पाडलेल्या गावांच्या राडारोड्यातून रस्ते निरीक्षक नेक चंद यांनी ही बाग अनेक वर्षं गुपचूप उभारली, आणि १९७६ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. आराखड्यात ती नव्हती. गर्दी मात्र तिथेच होती.

दुपारनंतर सेक्टर २२ मध्ये गेले आणि इथून पुढे घड्याळाकडे बघितलं नाही.

चंदीगडचा साधारण सेक्टर ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब. वेगवान रस्ते त्याच्या कडेने जातात आणि घरं त्या रस्त्यांकडे पाठ करून असतात. आत शिरायला मोजक्याच वाटा. एक वळणदार बाजाररस्ता सेक्टरला आडवा छेदतो, आणि दुकानांची रांग अशा बाजूला की समोर सावली पडावी. मधून हिरवा पट्टा जातो, त्यात शाळा आणि पायवाटा. मुलाने मोठा रस्ता न ओलांडता शाळेत पोचावं, हा हिशेब. नकाशावर हे सगळं कोरडं वाटतं. पण मी तासभर आतल्या आत चालले आणि एकदाही हॉर्नला दचकले नाही.

सेक्टर २२ सगळ्यात आधी वसलेल्यांपैकी. सरकारी घरांचे हुद्द्यानुसार प्रकार ठरलेले होते, आणि सगळ्यात खालच्या प्रकारात शिपाई होते. ड्र्यू, फ्राय आणि जानरे यांनी त्या घरांवर जीव ओतला. सिमेंट आणि पोलाद दुर्मीळ, काच महाग, स्वस्त फक्त वीट. मग विटेतूनच सगळं साधलं. उघड्या विटांच्या भिंती, आत ओढलेले व्हरांडे, ऊन गाळून वारा आत सोडणाऱ्या विटांच्या जाळ्या. शिपायाच्या घरालाही दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणी, संडास आणि अंगण. १९५० च्या दशकात, निर्वासितांच्या लोंढ्यात, पैशांची टंचाई असताना.

मी एका जाळीचा फोटो काढत होते तेवढ्यात दारातल्या आजींनी हटकलं. फोटो कशाला, असं विचारलं, आणि कारण सांगितल्यावर हसून म्हणाल्या, "बाहेरून काय कळणार, बेटा? आत ये." आत खरोखर गारवा होता. "जाळीतून धूळ फार येते," त्यांनी लगेच तक्रार केली. अर्ध्या जाळीला मागून प्लास्टिकचा कागद लावलेला होता. अंगणावर पत्रा घालून त्यांनी एक खोली वाढवली होती. वास्तुरचनेचे अभ्यासक अशा पत्र्यांना नाकं मुरडतात. मला तर वाटलं, वाढवायला जागा ठेवली हेच त्या घराचं यश.

दुसऱ्या दिवशी सेक्टर ५ मधलं जानरेंचं घर पाहिलं, आता ते संग्रहालय आहे. कॉर्बुझिए येऊन-जाऊन असायचा, जानरे मात्र १९६५ पर्यंत इथेच राहिले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा सुखना तलावात सोडली गेली. सरकारी कचेऱ्यांनी भंगार म्हणून काढून टाकलेल्या, त्यांनी आखलेल्या सागवानी खुर्च्या आज परदेशी लिलावांत लाखोंना जातात.

एवढं आखीव शहर, पण आखलं किती माणसांसाठी? पाच लाख. २०११ च्या जनगणनेत संपूर्ण केंद्रशासित प्रदेशाची लोकसंख्या साडेदहा लाखांच्या पुढे गेली होती. उत्तरेकडच्या सेक्टरांत आजही प्रशस्त बंगले आहेत आणि गर्दी दक्षिणेकडे, शेजारच्या मोहालीत, पंचकुलात सरकते आहे. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या टप्प्यातल्या सेक्टरांत बंगल्यांचे मजल्यावार फ्लॅट करायला मनाई केली, वारसा जपण्यासाठी. वारसा जपायलाच हवा, पण बंगल्यांची विरळ वस्ती हाच वारसा का? आजींच्या अंगणातला पत्रा मला त्याहून वारशाच्या जवळचा वाटतो.

जाणार असाल तर कॅपिटॉल सकाळी लवकर उरका आणि ओळखपत्र विसरू नका. सेक्टर २२ साठी मात्र एक संपूर्ण दुपार ठेवा, आणि तिथे रिक्षा करू नका.