पाठीचं माप आधी, लेन्सचं नंतर: आमची वाटचाल

बाबांनी शुक्रवार पेठेत दुकान थाटलं तेव्हा तिथे शाळेची दप्तरं, डॉक्टरांच्या बॅगा आणि तबला-डग्ग्याची कव्हरं शिवली जात. कॅमेऱ्याशी आमचं नातं जुळलं ते या तबल्यामुळेच. नव्वदच्या दशकात लग्नाचं व्हिडिओ शूटिंग घरोघरी पोचलं होतं. खांद्यावर घ्यायचे मोठे व्हीएचएस कॅमेरे ॲल्युमिनियमच्या पेटीतून न्यावे लागत आणि स्कूटरवर ती पेटी सांभाळणं हा वेगळाच ताप होता. एका शूटिंगवाल्या काकांनी दुकानात टांगलेली तबल्याची कव्हरं बोटांनी दाबून पाहिली आणि म्हणाले, "शेठ, एवढाच जाड भराव घालून माझ्या कॅमेऱ्याला बॅग करून द्या." बाबांनी करून दिली. मग त्यांचे मित्र आले, मित्रांचे असिस्टंट आले, आणि तुळशीच्या लग्नानंतरचे महिने आमच्याकडे दप्तरांच्या जूनइतकेच गर्दीचे होऊ लागले.

आज आम्ही कॅमेऱ्याच्या सॅक शिवतो आणि कुणीही शिवलेल्या बॅगा दुरुस्त करतो. दुकान मी बघते, कटिंग मास्तर बाबांच्या वेळचे आहेत, शिलाईला सगळ्या आसपासच्या बायका आहेत. नवीन गिऱ्हाईक आलं की त्याचा पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो: "यात किती लेन्स बसतील?" माझाही ठरलेला: "सामानाचं वजन किती, आणि ते पाठीवर घेऊन तुम्ही चालणार किती?" काउंटरवर वजनकाटा ठेवलाय तो त्यासाठीच. लेन्स कशीही बसवता येते, कप्पे हलवले की झालं. माणसाच्या पाठीवर बसणारी सॅक मात्र ज्याची त्याची वेगळी असते.

२००८ च्या शेवटी कॅननचा फाइव्ह डी मार्क टू आला. फोटोच्या कॅमेऱ्यातूनच फुल एचडी व्हिडिओ निघायला लागला आणि बघता बघता आमच्या गिऱ्हाइकांचं सामानच बदललं. दोन कॅमेरा बॉडी, एक २४-७० आणि एक ७०-२०० मिलिमीटरची लेन्स, एवढ्याचंच वजन चार किलोच्या वर जायचं. त्यात फ्लॅश, बॅटऱ्या, चार्जर आणि लॅपटॉप धरला की सात किलो सहज. एका खांद्यावर लटकणारी बॅग घेऊन हळदीपासून पाठवणीपर्यंत धावणारी ही पोरं पंचविशीतच मान धरून बसायची. "ताई, पाठीवरची करून द्या," ही मागणी तेव्हापासूनची.

बाबांनी लगेच शिवायला घेतली नाही. आधी दुरुस्तीला आलेल्या परदेशी सॅक उसवून बघण्यात आमचा बराच काळ गेला. बॅग कुठे हार खाते हे शोरूममध्ये कळत नाही, ते दुरुस्तीच्या टेबलावर कळतं.

लोक कापडाचा डेनिअर विचारतात. नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर. आकडा मोठा तितका धागा जाड. पण मधोमध कापड फाटून आलेली सॅक आमच्याकडे क्वचितच येते. येतात त्या पट्टा उपटलेल्या. खांद्याचा पट्टा जिथे पाठीला मिळतो, तिथे प्रत्येक पावलागणिक ओढ बसते. पट्टा नुसता शिवणीत दाबला असेल तर आतलं कापड धाग्याधाग्याने सुटत जातं आणि एके दिवशी दोन-तीन लाखांचं सामान रस्त्यावर येतं. आम्ही नवारीचं टोक आत लांब घेऊन चौकोनात फुलीची शिलाई मारतो आणि वर बारटॅक, म्हणजे एकाच जागी दाट मारलेली मजबुतीची शिलाई, देतो. दोरा बॉन्डेड नायलॉनचाच. गिऱ्हाइकाला हे काहीच दिसत नाही, म्हणून विकत घेताना सॅक आतून उलटी करून बघा असं मी सांगते. अस्तर आड येत असेल तर पट्ट्याच्या मुळाशी अंगठा दाबून बघा. आत जाडसर, घट्ट थर लागला पाहिजे.

चेनचंही तसंच. दात गेले असं वाटून लोक अख्खी चेन बदलायला सांगतात, पण बहुतेक वेळा झिजलेला असतो तो रनर, म्हणजे चेनवर पुढेमागे सरकणारा तुकडा. रनर पुढे गेला आणि मागे चेन उघडीच राहिली, तर फक्त रनर बदलून काम भागतं आणि खर्च अगदी थोडा येतो. मुख्य तोंडाला मात्र आठ किंवा दहा नंबरचीच चेन असावी; नंबर मोठा तितके दात रुंद. पाच नंबरची बाहेरच्या खिशाला ठीक. सहा-सात किलो भरून जे तोंड रोज उघडायचं, तिथे ती मी लावत नाही.

फोमची परीक्षा अंगठ्याने होते. दाबल्यावर पार तळाला टेकला तर तो स्पंज, वर्षभरात चपटा होणार. बंद छिद्रांचा ईव्हीए फोम दाबला की विरोध करतो आणि सोडला की पुन्हा वर येतो. तळाला हा जाड हवाच, कारण सॅक आदळते ती तळावर.

आणि आतला पीयूचा थर. पाणी अडवण्यासाठी कापडाला आतून पॉलियुरेथेन लावलेलं असतं आणि दमट हवेत वर्षानुवर्षांनी ते विरघळल्यासारखं चिकट होतं, त्याचे पापुद्रे निघतात, आंबट वास येतो. मुंबई आणि कोकणातून येणाऱ्या जुन्या बॅगांची ही हमखास तक्रार. यावर आमच्याकडे दुरुस्ती नाही, हे मी स्पष्ट सांगते. सॅक बंद कपाटात न कोंबता हवेशीर जागी टांगली तर आयुष्य नक्की वाढतं. पावसाळ्यात कॅमेराही सॅकमध्ये ठेवून देऊ नये. फोम आणि अस्तर ओल धरून ठेवतात आणि अंधारात लेन्सला बुरशी धरते. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि पाच-सहाशे रुपयांचा आर्द्रतामापक पुरतो. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या आसपास राहिला की झालं.

पहिली पाठीवरची सॅक शिवली तेव्हा मास्तरांनी तिच्यात तांदळाच्या पिशव्या भरल्या आणि आम्ही ती सिंहगडावर नेली, आतकरवाडीच्या पायवाटेने. आजही नवा नमुना त्या वाटेवरून गेल्याशिवाय विक्रीला येत नाही. चढावर अर्ध्या तासात सगळं कळतं: पट्टा कुठे काचतोय, सॅक मागे ओढतेय का, घाम कुठे साचतोय.

तिथेच आम्हाला पाठीच्या मापाचं महत्त्व पटलं. मान खाली झुकवली की मानेच्या तळाशी जे हाड बोटाला टोचतं, तिथून कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या वरच्या रेषेपर्यंत टेप धरायची. हे पाठीचं माप, आणि ते उंचीवरून ओळखता येत नाही. सहा फुटी माणसाची पाठ आखूड आणि पाय लांब असू शकतात. माप जुळलं की कमरपट्टा बरोबर कमरेच्या हाडावर बसतो आणि ओझ्याचा मोठा भाग खांद्यांवरून कमरेवर उतरतो. सॅक घालताना पट्टे सैल ठेवून आधी कमरपट्टा आवळायचा, मग खांदे. बरेच जण उलटं करतात. कमरपट्टा नुसती नवारीची पट्टी असेल तर ती सॅक हलू देत नाही एवढंच. ओझं उचलायला भरावाचा, रुंद पट्टा लागतो. जड लेन्स पाठीला चिकटून, मध्यावर ठेवावी. ती बाहेरच्या बाजूला गेली की तेच वजन जास्त वाटतं, कारण ते शरीरापासून लांब जाऊन मागे खेचतं.

बायकांच्या मापाबद्दल मला जास्त बोलायचंय. लग्नाचे फोटो काढणाऱ्या मुली आता भरपूर आहेत, ताडोबाला आणि भिगवणला जाणाऱ्याही. बाजारातल्या बहुतेक सॅक पुरुषांच्या पाठीवर बेतलेल्या. पट्ट्यांमधलं अंतर जास्त, छातीवरचं बकल नको तिथे येणारं, कमरपट्टा पोटावर चढणारा. आम्ही पट्टे आतल्या बाजूला घेतले, त्यांना वळण दिलं आणि छातीचं बकल वरखाली सरकतं ठेवलं. या सॅकसाठी जास्त पैसे घेत नाही आणि रंगही वेगळा ठेवत नाही. माप वेगळं आहे, बस.

सॅक कुठून उघडावी यावर दुकानात रोज वाद रंगतो. माझं मत पाठीकडून उघडणारीच्या बाजूने आहे. आषाढात वारीला जाणारे आमचे बरेच गिऱ्हाईक आहेत; दिंडीच्या गर्दीत मागून कुणी चेन उघडू शकत नाही, हा पहिला फायदा. दुसरा त्याहून मोठा: चिखलात सॅक टेकवताना बाहेरची बाजू खाली जाते, पाठीची बाजू स्वच्छ राहते आणि अंगावर चिखल येत नाही. बाजूने उघडणारी सॅक झटकन हाताशी येते, रस्त्यावर फोटो काढणाऱ्याला तीच बरी. ताडोबात जिप्सीत बसणाऱ्याला दोन्हींचा उपयोग कमी, कारण सामान सीटवर असतं. त्याला वरून पूर्ण उघडणारी सॅक आणि धुळीपासून जपणारं कापड हवं. कासला सप्टेंबरात जाणाऱ्याला रेनकव्हर हवं, आणि त्या कव्हरला तळाशी भोक हवं. भोक नसेल तर पाठीवरून ओघळलेलं पाणी कव्हरात साचतं आणि सॅक त्यात बसून राहते.

विमानाने जाणाऱ्यांशी हिशोब मांडावा लागतो. देशांतर्गत प्रवासात हातातल्या बॅगेला बहुतेक ठिकाणी सात किलोची मर्यादा असते. सॅक रिकामीच अडीच किलोची असेल, तर एक तृतीयांशाहून जास्त मर्यादा तिनेच खाल्ली. पक्ष्यांच्या फोटोसाठी निकॉनची २००-५०० लेन्स घेतली की ती एकटीच २.३ किलोची, बॉडी आणखी एक किलोच्या आसपास. म्हणून अशा गिऱ्हाइकाला आम्ही कमी खिशांची, हलकी सॅक सुचवतो, मग ती आमच्याकडची स्वस्तातली का असेना. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनमध्ये चालत नाहीत. त्या एका वेगळ्या लहान पाउचमध्ये ठेवल्या तर विमानाच्या दारातच सॅक खाली सामानात पाठवायची वेळ आली तरी पटकन काढता येतात.

२०१८ मध्ये निकॉन आणि कॅनन दोघेही फुल फ्रेम मिररलेसमध्ये, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या पण आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत, उतरले, सोनी आधीपासून होतीच. बॉडी लहान झाल्या. आम्ही सॅकची खोली कमी केली, पाठीला ओझं जवळ आलं, खूप बरं झालं. लांब लेन्सचं वजन मात्र बॉडी लहान झाली म्हणून तेवढं उतरत नाही आणि रिकाम्या जागेत लोक ड्रोन घालतात.

टाळेबंदीत लग्नं थांबली तसं आमचंही काम थांबलं. मास्क शिवले, जुन्या बॅगांची दुरुस्ती केली, कुणालाही कामावरून कमी केलं नाही. पुढच्या हंगामात जे आले त्यांतल्या कित्येकांनी नवी सॅक न घेता जुनीला नवे पट्टे लावून घेतले आणि ते काम आम्ही तितक्याच आनंदाने केलं.

सध्या आमचं लक्ष सुट्या कप्प्यावर आहे. ज्याच्याकडे पाठीला नीट बसणारी ट्रेकची सॅक आहे, त्याला दुसरी विकण्यात मला अर्थ वाटत नाही. तिच्यात बसेल असा ईव्हीएचा, वेल्क्रोच्या पडद्यांचा कप्पा आम्ही मापाने शिवून देतो. त्यासाठी सॅक आणि सगळं सामान दोन्ही घेऊन या, पाण्याची बाटली आणि ट्रायपॉडसकट. मास्तर आधी सगळं काट्यावर ठेवतील, मग टेप काढतील.