चांदीच्या नाण्याची अळंबी

बेळगावहून जांबोटीमार्गे कणकुंबीला गेलो ते पावसासाठी. पाऊस भरपूर मिळाला, रस्त्याबद्दल न बोललेलंच बरं. माउलीचं देऊळ, मलप्रभेचा उगम, चोर्ल्याचं धुकं, सगळं फोटोंत आहे. मनात राहिली ती अळंबी.

भीमगड अभयारण्यात झाडापानाला हात लावायचा नाही, त्यामुळे आम्ही उतरलो होतो त्या घरच्या काकू आम्हाला स्वतःच्या काजूच्या बागेत घेऊन गेल्या. वारुळाच्या कडेला अळंब्या वर आल्या होत्या. एकाने उपटायला हात घातला तर काकू ओरडल्या, "वडू नकोस! खालनं उकर की." खुरप्याने माती सैल करत गेल्या, तसा देठ बारीक होत होत थेट वारुळाच्या पोटात उतरलेला दिसला. छत्रीच्या मधोमध टोकदार बोंड. ही बुरशी वाळवीच आपल्या घरात पोसते, म्हणून शेडमध्ये तिची लागवड जमत नाही.

थोडं पुढे एका झाडाखाली आणखी एक पांढरी छत्री. मला तरी तशीच वाटली. काकूंनी तीही उकरली. देठाला वर झालर आणि बुडाशी, मातीत दडलेली, फुटक्या अंड्याच्या टरफलासारखी वाटी. नुसती वरून खुडली असती तर वाटी मातीतच राहिली असती. "ही नको," एवढंच म्हणून त्यांनी तळहात लुगड्याला पुसले.

इथे आमच्यातल्या एका तज्ज्ञांना राहवेना. भाजीत चांदीचं नाणं टाकायचं, काळं पडलं तर विषारी! मग कुणी लसूण सुचवली, कुणी हळद. डोकंच फिरलं माझं. वाटीवाल्या जातींतलं जहाल विष चांदीला काळं करत नाही आणि शिजवून जातही नाही. "थोडी खाऊन बघू" हेही कामाचं नाही, कारण उलट्या-जुलाब सुरू व्हायलाच बहुधा सहा ते बारा तास लागतात. मग माणसाला बरं वाटायला लागतं आणि तोवर आत यकृत निकामी होत असतं. तोंडात घातलीच असेल तर लक्षणांची वाट न बघता उरलेली अळंबी घेऊन थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं.

रात्री वारुळाच्या अळंब्यांचं सुकं आणि तांदळाची भाकरी. हॉटेलातलं बटण मशरूम मला आता रबर वाटणार.

परतताना रस्त्याकडेला पानांत बांधलेल्या अळंब्या विकायला होत्या, देठ कापून स्वच्छ केलेल्या. बघणार काय त्यात? मी घेतल्या नाहीत. तज्ज्ञांनी घेतल्या. घरी आजीच्या वेळचं नाणं आहे म्हणे.