आमची वाटचाल : ज्यूराच्या पायथ्याशी चीजचं दुकान

फ्रान्सच्या पूर्वेला, स्वित्झर्लंडच्या सीमेला लागून ज्यूराची डोंगररांग आहे. या भागाचं जुनं नाव फ्राँश-कोंते. 2016 पासून तो बुर्गोन्यीला जोडून एक मोठा प्रांत केला आहे, पण खाण्यापिण्याच्या बाबतीत तो आजही स्वतंत्र मुलूख आहे. आमचं छोटं दुकान इथलंच.

सुरुवातीला मांडणीवर फ्रान्सभरचा माल असायचा. पेरिगोरचं फ्वा ग्रा (बदकाचं किंवा हंसाचं चरबीदार यकृत), ब्रेतान्यीची लोण्यातली बिस्किटं, प्रोव्हान्सचं ऑलिव्ह तेल. हा माल मोठ्या बाजारपेठेतही मिळतो आणि तिथे तो स्वस्त पडतो. म्हणून आम्ही तो हळूहळू कमी करत गेलो. आता जे ठेवतो ते आसपासच्या डोंगरात तयार होणारं आणि ज्याबद्दल विचाराल त्याचं उत्तर आम्हाला देता येईल असंच. दुकान खऱ्या अर्थानं चाललं ते त्यानंतर.

केंद्रस्थानी कोंते चीज. मोंबेलियार्द किंवा फ्रेंच सिमेंताल गाईंचं कच्चं दूध, साधारण 400 लिटर, तेव्हा कुठे 40 किलोचं एक चाक होतं. गाईंना मुरघास, म्हणजे आंबवून साठवलेला चारा, चालत नाही. गावच्या सहकारी दूधघराला फ्रुइत्येर म्हणतात. त्याचं दूध गोळा करण्याचं क्षेत्र 25 किलोमीटर व्यासाच्या वर्तुळात बसलं पाहिजे. सहकारी डेअरीचं जाळं मराठी वाचकाला नवं नाही. इथला फरक असा की प्रत्येक फ्रुइत्येरचं चीज चवीला वेगळं लागतं आणि ते वेगळेपण मुद्दाम जपलं जातं. चाकाच्या कडेवर केसीनची, म्हणजे दुधातल्या प्रथिनाची, हिरवी चकती असते, तिच्यावरून ते कुठल्या दूधघरातलं आणि कुठल्या महिन्यातलं हे कळतं. माल घेताना आम्ही आधी ती चकती पाहतो. उन्हाळ्यातलं चीज हिरव्या चाऱ्यातल्या कॅरोटिनमुळे पिवळं असतं, हिवाळ्यात गाई वाळल्या गवतावर असतात म्हणून ते हस्तिदंती दिसतं. फिकट तुकडा पाहून ग्राहक तो जुना समजतात. वयाशी त्या रंगाचा संबंध नाही.

किमान 120 दिवस हे चाक स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडी फळीवर पिकतं. मिठाच्या पाण्यानं पुसणं आणि उलटणं सतत चालू असतं. मग 20 पैकी गुण दिले जातात, त्यातले 9 एकट्या चवीचे. 14 च्या वर गुण मिळाले तर चाकाच्या कडेला हिरवा पट्टा, 12 ते 14 असतील तर तपकिरी आणि 12 च्या खाली गेलं तर कोंते हे नावच लावता येत नाही. बरेचदा तपकिरी पट्टा सालीच्या किंवा आतल्या भेगांच्या दोषामुळे लागतो, चव उत्तम असते. वितळवण्यासाठी आम्ही तेच सुचवतो, दरही कमी पडतो.

ग्राहकाचा पहिला प्रश्न ठरलेला : ‘24 महिन्यांचं आहे का?’ वय म्हणजे दर्जा नव्हे, हे आम्ही रोज सांगतो. 8 महिन्यांच्या चीजमध्ये दूध, लोणी, हेझलनट जाणवतात. दीड-दोन वर्षांच्या चीजमध्ये भाजल्यासारखी, खारट-गोड खोली येते आणि दाताखाली पांढरे कण कुरकुरतात. ते मीठ नव्हे, टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लाचे स्फटिक असतात. वयस्क चीजमध्ये आडव्या बारीक भेगाही दिसतात. त्याला वाईट समजून परत करू नका.

आता कापण्याबद्दल, कारण छोट्या दुकानाचा नफा इथेच टिकतो किंवा जातो. अख्खं चाक आमच्यासारख्यानं उघडू नये. पाव चाक, म्हणजे 10 किलोच्या आसपास, घ्यावं. ते सुकायच्या आत संपतं. चाक आधी तारेनं दुभागून मग पाव केलेलं असतं; त्या पावातला पुढचा प्रत्येक तुकडा असा काढायचा की त्यात मध्याचा मऊ भाग आणि सालीजवळचा तिखट भाग दोन्ही येतील. टोकाकडून सरळ आडवे काप काढत गेलं, तर पहिल्या ग्राहकाला नुसता गर मिळतो आणि शेवटच्याला नुसती साल. कापलेली बाजू सकाळी सुरीनं अगदी पातळ खरवडायची. ही घट दरात धरावीच लागते. ती न धरता लावलेला दर महिनाअखेरीस तोट्यात नेतो. तुकडा मेणकागदात गुंडाळावा. प्लास्टिकमध्ये त्याला घाम सुटतो, साल चिकट होते आणि अमोनियाचा वास येतो. प्रवासाला नेणाऱ्यांसाठी निर्वात पाकीट ठीक, पण घरी पोचल्यावर ते लगेच फोडून कागदात घालावं. खाण्याआधी तासभर बाहेर काढलं नाही तर निम्मी चव थंडीतच अडकून राहते.

हिवाळ्यात दुकानाचं चित्र बदलतं, कारण मों दोर हे मऊ चीज येतं. 15 ऑगस्ट ते 15 मार्च एवढ्याच काळात ते बनवता येतं आणि 10 सप्टेंबरपासून 10 मेपर्यंत विकता येतं. त्याच्या भोवती स्प्रूसच्या अंतर्सालीचा पट्टा असतो, डबीही स्प्रूसचीच. राळेचा वास चीजमध्ये उतरतो तो त्यामुळे. घरी गरम करायची पद्धत सोपी आहे. झाकण काढा, डबीला बाहेरून ॲल्युमिनियमचा कागद नीट गुंडाळा, मधे खळगा करून लसणाची पाकळी आणि अर्धा पेला कोरडी पांढरी वाइन घाला, 200 अंशांवर 25 ते 30 मिनिटं भट्टीत ठेवा. कागद लावला नाही तर डबीचे सांधे गळतात आणि लाकूड करपतं. उकडलेले बटाटे सोबत हवेतच.

फोंद्यूचीही, म्हणजे वाइनमध्ये वितळवलेल्या चीजचीही, तक्रार ठरलेली असते : तेल वेगळं झालं, चीजचा गोळा झाला. बहुतेक वेळा आच जास्त असते किंवा वाइन पुरेशी आंबट नसते. वाइनच्या आम्लामुळे चीज सरसरीत राहतं. माणशी 200 ग्रॅम कोंते, निम्मं कोवळं निम्मं जुनं, आणि माणशी 100 मिलिलिटर आंबूस पांढरी वाइन. किसलेलं चीज मूठमूठ घालत, उकळी न येऊ देता ढवळायचं. फाटलंच तर चमचाभर कॉर्नफ्लॉवर थंड वाइनमध्ये कालवून घालावं.

मोर्तो या इथल्या गावचं सॉसेज आम्ही नंतर ठेवायला लागलो. ते डुकराच्या मांसाचं, सूचिपर्णी लाकडाच्या धुरावर किमान 48 तास ठेवलेलं. एका टोकाला लाकडी खुंटी असेल तर ते अस्सल. थंड पाण्यात सोडून मंद आचेवर पाऊण तास शिजवायचं. टोचायचं मात्र नाही, नाहीतर चरबी आणि धूर दोन्ही पाण्यात जातात.

व्हँ जोन म्हणजे पिवळी वाइन, साव्हान्यँ द्राक्षांची. पिंपात 6 वर्षं 3 महिने ती भर न घालता ठेवायला लागते, वर यीस्टचा पापुद्रा धरतो आणि अक्रोडासारखी चव येते. बाटली 62 सेंटिलिटरचीच : लिटरभर वाइनमधून इतक्या वर्षांनी एवढीच उरते, असं इथे मानतात. थंडगार देऊ नये, 15 अंशांच्या आसपास द्यावी. उघडलेली बाटली कित्येक आठवडे टिकते, म्हणून कोंबडी आणि मोरेल अळंबीच्या रश्श्यासाठी थोडी वापरून उरलेली प्यायला ठेवता येते. हिशेबाच्या दृष्टीनं लक्षात ठेवायचं ते एवढंच की खाद्यपदार्थांवर मूल्यवर्धित कर 5.5 टक्के आणि मद्यावर 20. गल्ल्यात दोन्ही वेगळे नोंदवावेच लागतात.

मराठी प्रवासी स्वित्झर्लंडला जाता-येता आमच्याकडे येतात. त्यांना दोन गोष्टी आम्ही न विचारता सांगतो. पहिली, कोंते वासराच्या पोटातल्या रेनेटनं (दूध साकळवणाऱ्या द्रव्यानं) विरजतात; काटेकोर शाकाहारी मंडळींनी हे समजूनच घ्यावं. दुसरी, कच्च्या दुधाचं मों दोर आणि मोर्ब्ये हे इथलंच आणखी एक चीज पाच वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर स्त्रियांना देऊ नये. फ्रेंच आरोग्य खात्याची मुलांसाठीची सूचना कोंतेसारख्या शिजवून दाबलेल्या चीजला यातून वगळते, म्हणून लहान मूल बरोबर असेल तर आम्ही कोवळं कोंतेच पुढे करतो.