हू इज देअर?

रिटायर होऊन आता तीन वर्षं होत आली, पण जून लागला, कॉलेजं सुरू झाली की मला अजून शेक्सपिअरच्या हॅम्लेटचा पहिला सीन आठवतो, कारण ड्रामाचा पेपर मी दरवर्षी तिथूनच सुरू करायचे आणि तेही पुस्तक न उघडता. फळ्यावर फक्त दोन नावं लिहायची, बर्नार्डो आणि फ्रान्सिस्को. मध्यरात्र आहे, किल्ल्याच्या तटावर फ्रान्सिस्को पहारा देतोय आणि बर्नार्डो त्याची ड्युटी बदलायला येतोय. नाटकातलं पहिलं वाक्य ‘हू इज देअर?’. हे कोण म्हणत असेल? सगळा वर्ग म्हणायचा फ्रान्सिस्को, आणि त्यांचं चुकत नव्हतं, जो पहाऱ्यावर असतो तोच विचारतो ना. पण इथं विचारतो तो नुकता आलेला बर्नार्डो! आणि फ्रान्सिस्को त्यालाच दरडावतो, की नाही, तू सांग आधी, थांब तिथंच. मग जरा वेळानं मागच्या बाकावरनं कुणीतरी हळूच म्हणायचं, “म्हंजे तो घाबरलाय मॅडम.” त्या एका वाक्यासाठी मी थांबलेली असायचे. पुढं येणाऱ्या भुताचं नाव अजून कुणी काढलेलं नाही, तरी दोन-तीन शब्दांत तटावरची भीती आपल्यापर्यंत पोचली.

शेक्सपिअरच्या काळात ग्लोबसारख्या थिएटरात नाटक दिवसाउजेडी व्हायचं, वर छप्पर उघडं, लाइट्सचा प्रश्नच नाही, मग अंधार दाखवायचा कसा? तर बोलण्यातनं. बारा वाजलेत हे बर्नार्डो सांगतो, थंडी फार आहे हे फ्रान्सिस्को सांगतो. म्हणून नाटक डोळ्यांनी वाचून मिळत नाही, ते मोठ्यानं म्हणावं लागतं. आणि आमची मुलं राधानगरी, आजरा, चंदगडहून आलेली, नोट्स पाठ करून पंधरा मार्कांचं उत्तर बिनचूक लिहिणारी, पण वर्गात एक ओळ मोठ्यानं वाच म्हटलं की मान खाली. हुशार मुलं हो, फार हुशार, मला त्याचं वाईट वाटायचं.

एखाद्या वर्षी परवानगी मिळाली तर मी त्यांना कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहात घेऊन जायचे. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये बांधलेलं, तेव्हाचं पॅलेस थिएटर, शेजारी खासबाग मैदान. माइक बंद, एकानं स्टेजवर उभं राहून ‘हू इज देअर?’ म्हणायचं, बाकीच्यांनी शेवटच्या रांगेत बसून ऐकायचं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं, दुसऱ्या दिवशी संगीतसूर्य केशवरावांची जयंती होती, मी सकाळी तिथं जाऊन नुसती उभी राहिले, बोलवेना.

हॅम्लेट आणि कोल्हापूर यांचं तसं जुनं नातं आहे, हे मी वर्गात आवर्जून सांगायचे. कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्ध छापल्यामुळं झालेल्या बदनामीच्या खटल्यात, १८८२ मध्ये टिळक आणि आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले, आणि पुढच्याच वर्षी आगरकरांनी केलेलं हॅम्लेटचं भाषांतर ‘विकारविलसित’ छापून आलं. मुलांना हे कळलं की नाटक एकदम जवळचं वाटायला लागायचं.

मग २००० साली राज्यात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं आणि आम्हा कॉलेजवाल्यांना जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या ट्रेनिंगला बोलावणी यायला लागली. पहिल्या ट्रेनिंगला मी उच्चारशास्त्राचा तक्ता घेऊन गेले आणि दोन तास स्वर-व्यंजनं शिकवली. साठ शिक्षक, सगळे गप्प. चहाच्या वेळी पन्नाशीतले एक गुरुजी जवळ आले आणि म्हणाले, “मॅडम, इंग्रजी येत न्हाई असं न्हाई ओ, तोंडातनं भाईर पडंना झालंय. पोरांसमोर चुकलं तर काय?” हे वाक्य मी आजपर्यंत विसरलेली नाही, कारण पुढची वीस वर्षं मी जे काही ट्रेनिंग केलं ते त्याच वाक्याला उत्तर म्हणून केलं.

दुसऱ्या दिवशी तक्ता घरी ठेवला. एकानं हॉलच्या दाराबाहेर जायचं, दार वाजवायचं, आतल्यानं विचारायचं ‘हू इज देअर?’, बास. आधी भ्यालेल्या माणसासारखं विचारा, मग चिडलेल्या, मग झोपेतनं उठलेल्या म्हातारीसारखं. वाक्य आपलं नाही, शेक्सपिअरचं आहे, त्यामुळं चुकायची भीतीच नाही! अर्ध्या तासात हॉलमध्ये असा दंगा झाला की खालून केंद्रप्रमुख बघायला आले. मग तिथूनच जोर शिकवता आला. मराठीत आपण जोर द्यायला ‘च’ लावतो, ‘तरी’ लावतो, ‘कोण आहे तरी कोण’ म्हणतो. इंग्रजीत शब्द तेच राहतात, जोर आवाजानं द्यायचा, ‘हू’वर दिला तर एक अर्थ, ‘देअर’वर दिला तर दुसरा. ‘रेकॉर्ड’ हे नाम असेल तर जोर पहिल्या भागावर, क्रियापद असेल तर दुसऱ्या. आपण मराठी माणसं प्रत्येक अक्षर सारख्या वजनानं बोलतो म्हणून आपलं इंग्रजी सपाट वाटतं, एवढंच आहे ते, त्यात कमीपणा काही नाही. हे कळल्यावर त्या गुरुजींनी ते वाक्य चार तऱ्हांनी म्हणून दाखवलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढं काही वर्षांनी त्यांच्याच ट्रेनिंगमधल्या एका बाईंनी मला गगनबावड्याकडच्या त्यांच्या शाळेत बोलावलं. दुसरीचा वर्ग, बाहेर धो धो पाऊस, तास सुरू असताना दार वाजलं आणि आतून सगळी पोरं एकदम ओरडली, “हू इज देअर?” मला वाटलं माझ्यासाठी बसवलंय, पण बाहेर खरंच एक मुलगी उशिरा आली होती, निथळत, चप्पल हातात. ती क्षणभर गोंधळली, मग म्हणाली, “इट इज मी बाई. ओढ्याला पाणी आलंय.” बाईंनी तिला टॉवेल दिला, खिडकीपाशी बसवलं, आणि ओढ्याला इंग्रजीत काय म्हणतात हे मग सगळ्या वर्गानं मिळून शोधलं.