पिगीची राहून गेलेली यादी

लॉर्ड ऑफ द फ्लाइज परत वाचून संपवलं आज, विल्यम गोल्डिंगची कादंबरी, विमान पडून निर्जन बेटावर मोठ्यांशिवाय अडकलेल्या शाळकरी पोरांची. या वेळी शंख, चष्मा, काठीवर खोचलेलं डुकराचं मुंडकं यांच्याकडे फार लक्षच गेलं नाही, म्हणजे ते सगळं आहेच, ज्याच्या हातात शंख त्यानेच बोलायचं वगैरे, पण डोक्यात अडकून बसली ती त्यातल्या पिगी नावाच्या पोराची यादी, कोण कोण आहे त्या नावांची.

सुरुवातीला शंख वाजतो आणि पोरं एकेक करून बीचवर यायला लागतात, तेव्हा पिगी प्रत्येकाला नाव विचारत फिरतो, लक्षात ठेवायला बघतो. त्याला स्वतःला मात्र कोणीच विचारत नाही. राल्फ, पुढे पोरांचा म्होरक्या होतो तो, आपलं नाव सांगतो, पिगी बिचारा वाट बघत राहतो की आता मला विचारेल, नाहीच विचारत. शाळेत चिडवायचे ते 'पिगी' हे नाव त्याने विश्वासाने सांगितलं, बाकीच्यांना सांगू नकोस म्हणाला, तर राल्फ सगळ्यांसमोर ते फोडून मोकळा, आणि पोरं खिदळतात. अख्खी कादंबरी संपते तरी त्याचं खरं नाव आपल्याला कळत नाही.

मग डोंगरावरचा जाळ हाताबाहेर जातो, खालचं जंगल भडकतं. तेव्हाही पिगीच विचारतो की ते चेहऱ्यावर जांभळट डाग असलेलं छोटं पोरगं कुठंय. कोणाकडेच उत्तर नाही, कारण यादीच झालेली नाही, छोटी पोरं एका जागी थांबली नाहीत आणि मोठं कोणी मदतीला आलं नाही. मला हे पान पुढे पोरांच्याच हातून होणाऱ्या सायमनच्या मरणापेक्षाही जड गेलं. तिथे निदान वादळ आहे, नाच आहे, भीती आहे, इथे कोणी कोणाला मारलेलं नाही, फक्त मोजलं नाही.

आणि छोट्या पोरांमधला तो पर्सिव्हल! सभेत नाव विचारलं की नाव, घरचा पत्ता, टेलिफोन इथपर्यंत पाठ केल्यासारखं घडाघडा म्हणतो आणि रडायला लागतो. शेवटी पोरांना सोडवायला नेव्हीचा ऑफिसर समोर येतो तेव्हा त्याच पोराला 'मी, मी' च्या पुढे काही आठवत नाही. ऑफिसर राल्फला विचारतो तुम्ही किती जण, तो नुसती मान हलवतो. 1954 साली पुस्तक आलं तेव्हा गोल्डिंग इंग्लंडमधल्या सॉल्झबरीत शाळामास्तर होता, त्याआधी युद्धात नेव्हीत. हजेरी न घेण्याची ही भीती मास्तरालाच सुचावी असं मला वाटतं.

1965 मध्ये पॅसिफिकमधल्या टोंगा देशाची सहा पोरं खरंच एका निर्जन बेटावर वर्षभराहून जास्त अडकली होती, एकाचा पाय मोडला तर बाकीच्यांनी बांधून बरा केला, आग विझू दिली नाही. त्यावरून लोक म्हणतात, एकटी पडलेली पोरं रानटी होतात हे दाखवण्यात गोल्डिंग चुकला. मला तसं वाटत नाही, ती सहाही एकाच शाळेतली, एकमेकांना आधीपासून ओळखणारी, यादीची गरजच नव्हती त्यांना.

पण मग कादंबरीतल्या जॅकच्या हाताखालची कॉयरची, म्हणजे चर्चमध्ये गाणाऱ्या गटाची पोरं? तीही एकमेकांना नावानिशी ओळखत होती, नंतर शिकारी तीच झाली, आणि सायमन तर त्याच कॉयरमधला. इथे माझं म्हणणं अडतंय. उद्या तो कॉयर रांगेत येतो तो भाग परत वाचणार आहे.