वरच्या ओळीत स्यूडोमोनास

लॅबमध्ये 'बेडका' म्हणून जे डबे येतात, त्यांतल्या बऱ्याच डब्यांत नुसती लाळ असते. वॉर्डात कुणीतरी पेशंटच्या हातात डबी ठेवतं, 'ह्यात थुंका' म्हणतं, तो बिचारा थुंकतो. आम्ही आधी स्लाइड बघतो. लहान भिंगाखाली एका क्षेत्रात 25 हून जास्त पूपेशी आणि तोंडातल्या पेशी 10 हून कमी असल्या, तरच नमुना छातीतून आला असं धरायचं. नाहीतर परत. परत पाठवला की फोन येतो, "मॅडम, जरा ॲडजस्ट करा ना." काय ॲडजस्ट करणार, कप्पाळ!

चवथीच्या तोंडावर आलेला तो डबा मात्र परत पाठवण्यासारखा नव्हता. घट्ट, हिरवट, पूच होता तो. फॉर्मवर लिहिलेलं 'ताप, खोकला, कॉक्स?' एवढंच. डॉक्टरांच्या बोलीत कॉक्स म्हणजे क्षय. पुरुष, वय पन्नाशीचं, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला. मधुमेह आहे का, काम काय करतो, हे दोन रकाने कोरे. ते रकाने मी मीटिंगमध्ये भांडून फॉर्मवर घालून घेतले आहेत. कुणीही भरत नाही.

ग्राम स्टेन करून, म्हणजे जंतू रंगवून पाहिले, तर लाल दांडे दिसले, दोन्ही टोकांना रंग धरलेले आणि मध्ये फिकट. पुस्तकांत ह्याला सेफ्टी पिन म्हणतात. पण दुसरे जंतूही कधी कधी असेच दिसतात, म्हणून त्यावर काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी जंतू वाढवायच्या प्लेटांपैकी ब्लड अगरवर बारीक, साध्या वसाहती, मॅकॉन्कीवर रंगहीन. ऑक्सिडेझ चाचणी पॉझिटिव्ह. आमचा टेक्निशियन हुशार आहे, पण त्याला टेबल मोकळं करायची फार घाई. "मॅडम, स्यूडोमोनास. रिपोर्ट सोडू?"

स्यूडोमोनास हा आमचा नेहमीचा जंतू, पण वसाहतींना त्याचा हिरवा रंग नव्हता, म्हणून ठेव म्हटलं. आणि प्लेट सेफ्टी कॅबिनेटच्या बाहेर काढायची नाही, झाकण उघडून वास तर अजिबात घ्यायचा नाही. वासावरून जंतू ओळखायची आमच्यातल्या जुन्या लोकांची खोड आहे आणि त्यांना तिचा अभिमानही असतो. मला संशय होता तो मेलिऑयडोसिस ह्या आजाराच्या, ओल्या मातीत राहणाऱ्या जंतूचा. तो हवेतूनही फुप्फुसात शिरतो. त्याच्यासमोर तो अभिमान महागात पडतो.

ह्या जंतूसाठीचा खास ॲशडाउन अगर आम्ही लॅबमध्येच बनवतो: ग्लिसरॉल, क्रिस्टल व्हायोलेट, न्यूट्रल रेड आणि जेंटामायसिन. घशातले इतर जंतू जेंटामायसिनने दबतात, हा वाढत राहतो. पण सावकाश वाढतो. त्यासाठी प्लेट तीन-चार दिवस इनक्युबेटरमध्ये राहू द्यावी लागते आणि जागा कमी असल्यामुळे सगळ्यांचा जीव तिथेच जातो. दरम्यान ओळख पटवणाऱ्या यंत्राने मोठ्या ऐटीत 'बर्कहोल्डेरिया सेपेशिया' असं नाव दिलं. घराणं बरोबर, माणूस चुकला. त्याच्या आधी अँटिबायोटिकच्या तीन डिस्कनी काम केलं होतं. जेंटामायसिनभोवती वाढ, कोलिस्टिनभोवती वाढ, आणि को-अमॉक्सिक्लॅवभोवती मोठं स्वच्छ वर्तुळ. स्यूडोमोनास एरुजिनोसा नेमका उलटा वागतो: को-अमॉक्सिक्लॅवला दाद देत नाही, कोलिस्टिनने मरतो. चौथ्या दिवशी ॲशडाउनवर सुरकुतलेल्या, कोरड्या, जांभळ्या वसाहती आल्या. संदर्भ प्रयोगशाळेतल्या पीसीआरने पुढे शिक्कामोर्तब केलं: बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलाय. मेलिऑयडोसिस.

मी वॉर्डात गेले. मुलाने प्लास्टिकच्या पिशवीतून सगळे जुने कागद काढले. मधुमेह होता, दहा वर्षांपासून. शेती होती, आणि पावसाच्या ऐन झडीत लावणी केली होती. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात पोकळी. क्षयाची जनुकीय चाचणी निगेटिव्ह आली, तरी एक्स-रे बघून क्षयाच्या गोळ्या सुरू केलेल्या. ताप काही उतरेना.

आणि त्या पिशवीतच एका खाजगी लॅबचा जुना कल्चर रिपोर्ट होता. वरच्या ओळीत: 'स्यूडोमोनास स्पीशीज, बहुधा कंटॅमिनंट', म्हणजे बाहेरून मिसळलेला. खाली कोणत्या औषधाला जंतू दाद देतो (सेन्सिटिव्ह) आणि कोणत्याला नाही (रेझिस्टंट) ह्याचा तक्ता. जेंटामायसिन रेझिस्टंट. अमिकासिन रेझिस्टंट. कोलिस्टिन रेझिस्टंट. को-अमॉक्सिक्लॅव सेन्सिटिव्ह. सेफ्टाझिडिम सेन्सिटिव्ह.

तो कागद अजून डोक्यातून जात नाही. कुणीतरी पट्टी लावून मिलिमीटर नीट मोजले होते, प्रामाणिकपणे लिहिले होते. रोगाचं निदान त्या तक्त्यात छापलेलं होतं. ते पुढच्या प्रत्येक डॉक्टरच्या हातात गेलं, आणि प्रत्येकाने वरची ओळ वाचून कागद उलटा ठेवला. मणिपाल, वेल्लोरच्या मेडिकल कॉलेजांतले लोक वर्षानुवर्षे घसा कोरडा करून हेच सांगताहेत. रंगूनमध्ये 1911 साली व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी हा जंतू पहिल्यांदा टिपला. रोगाला नाव मिळालं व्हिटमोरचं. कृष्णस्वामींना काय मिळालं ते विचारू नका.

माझं स्वतःचं काम फुप्फुसातल्या भक्षक पेशींवर आहे, म्हणून हा जंतू मला छळतो. क्षयाचा जंतूही ह्या पेशींत राहतो, पण तो मुख्यतः पेशीने गिळताना बनवलेल्या पिशवीतच बस्तान मांडतो. हा पिशवी फोडून बाहेर पडतो. पेशीच्या स्वतःच्याच ॲक्टिनचं, म्हणजे तिच्या सांगाड्यातल्या प्रथिनाचं, शेपूट बनवून आत फिरतो, आणि मग शेजारच्या पेशींचे पडदे एकमेकांत विरघळवून अनेक केंद्रकांची एकच मोठी पेशी करून टाकतो. म्हणजे बाहेर न येता शेजारी जातो. रक्तातली प्रतिद्रव्यं बाहेर ताटकळत राहतात. मधुमेहात पांढऱ्या पेशी आधीच मंद, त्यात पावसाचा जोर. डार्विनमध्ये, उत्तर ऑस्ट्रेलियात, असं दिसलं आहे की दाखल होण्याआधीच्या 14 दिवसांत जितका पाऊस जास्त, तितका न्यूमोनियाचा संभव जास्त. सत्तरीतला आषाढ आठवला की ह्यात नवल वाटत नाही.

सोनोग्राफीत प्लीहेत गळू निघालं. सेफ्टाझिडिम हे अँटिबायोटिक शिरेतून, दोन आठवड्यांहून अधिक. पहिले काही दिवस ताप हलेना तेव्हा फिजिशियन औषध बदलायला निघाले होते. ह्या रोगात ताप उतरायला आठवडाभरही लागतो, हे त्यांना पटवण्यात माझी एक दुपार गेली. मग को-ट्रायमोक्सॅझोलच्या गोळ्या, निदान तीन महिने, मोठ्या मात्रेत. गावच्या डॉक्टरांनी 'एवढा डोस कशाला' म्हणून अर्ध्यावर आणला. मुलाने फोन केला म्हणून कळलं. मी त्या डॉक्टरांशी बोलले. ते म्हणाले, असला आजार गोव्यात नसतो.

माणूस आता पेज सोडून भात खातो. तपासणीला आला तेव्हा विचारलं, "बाय, वायंगणाचं उन्हाळी भात लावायचं की नाही?" मी साखर, जखमा झाकणं, गमबूट असं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "गमबूट घालून चिखलात एक ओळ लावून दाखवा, मग बोलू." पाय काढताना बूट आत राहतो, हे मलाही ठाऊक आहे.

त्या खाजगी लॅबला मी विचारलं: पावसाळ्यातले 'स्यूडोमोनास स्पीशीज' रिपोर्ट काढा, त्यांतले कोलिस्टिन रेझिस्टंट आणि को-अमॉक्सिक्लॅव सेन्सिटिव्ह वेगळे करा. त्यांचं म्हणणं, सॉफ्टवेअरमध्ये जंतूच्या नावाने शोधता येतं, तक्त्यावरून नाही. मग नावाने काढून द्या, तक्ते मी चाळते, असं कळवलंय. उत्तर यायचंय.